दर्जा अपुरा

खिडकी नंबर चार, ताश्कंद.
मी बोटं घेते. म्हणजे बोटांचे ठसे,
पण रांगेत सगळे तसंच म्हणतात,
“बोटं द्यायला आलोय,”
आणि टोपी काढून उभे राहतात,
जणू मी कापूनच ठेवणार आहे.

आठ वर्षं झाली. आता मी चेहरे बघत नाही.
चुन्याने खाल्लेला हात गवंड्याचा,
कापसाच्या बोंडांनी चिरलेला बहुतेक बायकांचा.
शाळा सुटलेल्या पोरांची बोटं मात्र
पहिल्या खेपेला उमटतात.
काहीच न केलेले हात
यंत्राला फार आवडतात.

मुकद्दस एर्गाशेवा. मार्गिलान. वय अडतीस.
कोरियन भाषेची परीक्षा दुसऱ्या खेपेला पास,
छातीचा फोटो स्वच्छ, पोलिसांचा दाखला,
नोटरीचा शिक्का जरा तिरका, पण चालेल.
करार: समुद्रशेवाळ वाळवणे, पुडे भरणे.
सगळं होतं.
तिने काचेवर उजवा हात ठेवला
आणि पडद्यावर राखी ढग आले.
दर्जा अपुरा.

पुसून पुन्हा. मलम लावून पुन्हा.
माझ्या डब्यातली लिंबाची फोड चोळून पुन्हा.
डावा हात.
दर्जा अपुरा.

“काम काय करता?”
“रेशीम.”
उकळत्या पाण्यात कोश गरगरत असतात, ती म्हणाली,
धाग्याचं टोक डोळ्याला दिसत नाही,
बोटांनी ऐकावं लागतं.
एकवीस वर्षं ऐकतेय.

ज्याचं पोट हातावर
त्याच्या हातावर दुसरं काय उरणार?
हे मी बोलले नाही. बोलले ते एवढंच:
तीन आठवडे हात पाण्यात घालू नका.
रेषा परत येतात.

ती इतकी मोठ्याने हसली
की रांग वळून बघायला लागली.
“तीन आठवडे? अहो, बाळंतपणात मला
तीन दिवस मिळाले नव्हते.”

तेविसाव्या दिवशी आली.
नवऱ्याने भांडी घासली म्हणे,
आधी दार लावून, मग अंगणात.
धाकटीने पीठ मळलं, रोटी तंदूरला चिकटेना,
चार-पाच राखेत पडल्या, त्या झटकून खाल्ल्या.
“आणि मी बसलेली.
हात मांडीवर,
कुणा परक्याचे पाहुणे आल्यासारखे.
काय द्यावं त्यांना, सुचेना.
रात्री बोटं खाजायची.”

तिने हात ठेवला. मी पडद्याकडे बघायचं टाळलं,
मग बघितलं.
अंगठ्यावर चक्र. तर्जनीवर शंख.
करंगळी पुसट, पण पुरेशी.

ती काउंटरवरून वाकली.
“ही माझी?”
“तुमचीच.”
“आईची कशी होती कोण जाणे,” म्हणाली,
“तिनेही जन्मभर कोशच उकळले.”

परवाना येईल, पाच-सहा आठवड्यांत.
करारातली एक ओळ मी नंतर वाचली, दोनदा:
काम खाऱ्या पाण्याचे. हातमोजे वर्षाला दोन जोड.
मुदत संपेल, ती नूतनीकरणाला उभी राहील,
तिथल्या कुठल्यातरी खिडकीत कुणीतरी
हाच हात मागेल.
सांगायला हवं होतं का?
माझ्या मागे साहेब उभे होते, पुढे चाळीस माणसं.

“याची एक प्रत मिळेल?” तिने विचारलं.
नियमात नाही. तसं सांगितलं.
मग खालच्या खणातून
शाईचं जुनं पॅड काढलं, सुकून खडखडीत झालेलं,
त्यावर गार चहाचे दोन थेंब टाकले
आणि टोकनच्या कागदाची मागची बाजू पुढे केली.

दहाही बोटं तिने सावकाश दाबली,
उचलताना श्वास धरून.
“धाकटीला दाखवते,” म्हणाली,
“तिच्या जळक्या रोट्यांचं पीक.”

नंबर एकशे बारा.
गवंडी. चुना.