रौता, स्थापना १९४८

माझ्या कारखान्याला भिंती नाहीत.
स्वयंपाकघरातलं टेबल, त्यावर धापा टाकणारा संगणक,
शेजारी खारवलेल्या माशाची बशी.
बाहेर केमी गावात उणे एकवीस.
तरी स्थापना १९४८ ची, हे मी ठासून सांगतो.
संस्थापक : अभियंता आर्मस कोस्कमा,
जो कधी जन्मलाच नाही,
आणि ज्याच्या मृत्यूच्या दिवशी, मार्च एकाहत्तरात,
मी खिडकीत खरी मेणबत्ती लावली.

दोन संप. एक आग. एक कर्जबुडवा जावई.
सगळं मीच लिहिलं, रात्री जागून.
नुसत्या गाडीवर कोण विश्वास ठेवतो?
कंपनीला आधी थोडं दुःख लागतं.

मला स्वतःची गाडी नाही.
झटका आला त्या वर्षी परवाना काढून घेतला.
मी बसने जातो.

खेळातली फेरी : साल १९७४.
तेल कडाडलेलं. गिऱ्हाईक म्हणजे एक परिचारिका,
दोन मुलं, एक कुत्रा,
वजन नऊशे किलोच्या आत.
सतरा कंपन्या उतरल्या.
ओहायोचा पोरगा, ब्रॅनिगन अँड सन्स
(सन्स कुठले, अजून मिसरूड फुटायचंय),
त्याने आठ सिलिंडर कोंबले, कुत्र्याला जागाच ठेवली नाही.
ग्दिनियाच्या चर्चमधल्या ऑर्गनवाल्याची फ्रेगाता :
गंजत नाही, पण चढही चढत नाही.

आणि व्हिएन्तो.
पुन्ता अरेनासची एदुविना ओयार्सुन,
पृथ्वीच्या पार खालच्या टोकाला कवळ्या घडवणारी.
माझ्याकडे मध्यरात्र, तेव्हा तिच्याकडे संध्याकाळचे सात
आणि लख्ख ऊन.
नऊ वर्षांचं आमचं हाडवैर.
एकसष्टच्या फेरीत तिने माझं पोस्टखातं पळवलं.
अडुसष्टला मी तिच्या डिझेलला खोकणारी बकरी म्हणालो;
तिने पुढच्या मॉडेलचं नावच बकरी ठेवलं,
आणि जिंकली.
कागदी घोडेच आमचे, चोपन्न अश्वशक्तीचे,
पण निकालाच्या रात्री तळहाताला घाम खरा सुटायचा.

चौऱ्याहत्तरला तिने जे पाठवलं
ते पाहून सगळे हसले. मीही.
दार उलट्या बाजूने उघडणारं,
उंबरा जवळजवळ जमिनीला टेकलेला,
पुढची सीट बाहेर वळून माणसाला सामोरी येणारी.
वजन एकसष्ट किलो जास्त. शेवटचा क्रमांक.
तळटिपेत एकच ओळ :
बाबांचा उजवा गुडघा वाकत नाही.

बाबा? मी अटी पुन्हा वाचल्या.
परिचारिका, मुलं, कुत्रा.
बाबा कुठेच नव्हते.

त्या फेरीत मी पहिला आलो.
बशीतला मासा तसाच राहिला.

पंचाहत्तर. शहात्तर. सत्त्याहत्तर.
व्हिएन्तोची ओळ कोरी.
तीन फेऱ्या गप्प राहिलेल्या कंपनीचा लिलाव होतो, असा नियम.
ओहायोच्या पोराला फक्त तिचं बोधचिन्ह हवं होतं,
बॉनेटवर डकवायला.
मी रौताचा बर्फाच्या टायरांचा विभाग विकला,
कोस्कमाचं घर गहाण टाकलं, जावयाच्या पाया पडलो,
आणि व्हिएन्तो घेतली.
एकाही कामगाराला काढलं नाही.
कामगार नव्हतेच, तरी.

मग अठ्ठ्याहत्तरच्या फेरीत रौताला तिचं दार बसवलं.
जाणूनबुजून. तोच उंबरा, तीच वळणारी सीट.
एकसष्ट किलो जास्त.
शेवटून पहिला. ग्दिनियावाल्याने विचारलं,
तब्येत बरी आहे ना?

पहाटे तीनला एक निरोप आला.
बिजागरी उलटी लावलीस, बकऱ्या.

बाबांचं मी विचारलं नाही.
तिनेही सांगितलं नाही.
चष्मा पुसला, दार पुन्हा उघडून पाहिलं.
तिचं बरोबर होतं.
बिजागरी उलटीच होती.