पायऱ्या

भूगोलाच्या पेपरांचा गठ्ठा मांडीवर घेऊन
पंचगंगेच्या घाटावर बसलेय.
खाली एक बाई घोंगडं आपटतेय,
धप्प, आणि पलीकडून उलट धप्प.

पोरानं लिहिलंय, घाट म्हणजे पर्वतरांग.
बरोबर. एक मार्क.
कोकणातून वर येताना कुणा गोऱ्यानं
हमालाला विचारलं असेल, हे काय?
तो धापा टाकत वाटेबद्दल बोलला,
यानं अख्ख्या डोंगराला तेच नाव लावून टाकलं.
असं आपलं मला वाटतं. पुरावा नाही.

पुढचा प्रश्न खडकाचा. डेक्कन ट्रॅप.
पोरं सापळा समजतात. मीही समजायचे, बी.एड. होईपर्यंत.
तो शब्द निघाला थेट स्वीडनचा,
तिकडे जिन्याला तसंच काहीसं म्हणतात.
म्हणजे बर्फातल्या माणसाला थर बघून जिना आठवला
आणि आमच्याकडे आधीपासून घाट.
एकमेकांना न विचारता
दोघं पायरीवरच येऊन थांबले.

हे मी बाळगोंडा अण्णांना सांगितलं.
मोजणी खात्यात चौतीस वर्षं साखळी ओढलेला माणूस.
तंबाखू मळत म्हणाले,
"चढणाऱ्याला जिना दिसतोय, बाई.
आमी साखळी घिऊन उतरत हुतो.
आमाला गुडघं दिसायचं."

मग मी जंगल काढलं.
शब्द आपलाच. जांगल, म्हणजे कोरडं, उघडं रान,
विलायतेला गेला आणि भिजून परत आला,
दाजीपूरचा काळोख अंगावर घेऊन.
अण्णा हसले, "आमचा धाकटा बी
पुण्यासनं असाच आला. वळखंना."

पाणंदीला मात्र नकाशात शब्द नव्हता.
साहेब नुसत्या दोन तुटक रेघा मारायचा.
त्या रेघांमध्ये काय काय होतं
ते अण्णा सांगत राहिले,
रुतलेली उसाची गाडी, शेणाचा वास,
सासरी निघालेली, मागं न बघणारी बहीण.
मी लिहून घेतलं नाही.

आता तेविसावा पेपर.
इंग्रजी उत्तरांत मध्येच एक ओळ मराठीत,
घाट म्हणजे जिथं आम्ही आबांना सोडून आलो.
तांबडं पेन उघडंच आहे.

बाईनं घोंगडं पिळलं, दगडावर पसरलं.
सकाळी पाच पायऱ्या कोरड्या होत्या.
आता तीन.