टेबलाची लांबी

आमच्या खाडीवर झाड म्हणावं असं काही नाही.
भूर्जाची खुरटी झुडपं तेवढी,
वाऱ्याकडे पाठ करून बसलेली.
लाकूड आम्हाला समुद्र देतो.
सैबेरियातल्या कुठल्याशा नदीतून सुटलेला ओंडका
बर्फात अडकत, सुटत, खारं पाणी पीत
वर्षांनी इथल्या गोट्यांवर येऊन पडतो, ताकाच्या रंगाचा.
ज्याचा किनारा, त्याचं लाकूड.

ऑक्टोबरात स्टेइनवोर आली.
वीजबिलाच्या पाकिटामागे लिहिलेली यादी तिनं वाचून दाखवली:
स्वयंपाकघर अडीच मीटर बाय तीन. टेबल एकच.
त्यावर पावाचं पीठ मळायचं, कॉड साफ करायचा,
मेंढ्या कापल्या की रक्ताच्या सॉसेजच्या पिशव्या शिवायच्या,
उग्लाचा अभ्यास, आदाल्स्टेइनचे पत्ते,
आणि मे महिन्यात एखादं कोकरू गारठलं, तर तेही.
मी म्हटलं, एवढ्यात तर अख्खं गाव मावेल.
ती म्हणाली, गाव उरलंय कुठे?
म्हणून तर टेबलात बसवायचंय.

मळायला उंची हवी नव्वद, बसायला बाहत्तर.
तीन रात्री मी याच अठरा सेंटिमीटरांवर घालवल्या.
मग सुचला खोका.
पालथा ठेवला की त्यावर मळायचं,
उताणा ठेवला की त्यात लोकर घालून कोकरू.

डिंक? नासलेल्या दुधाचा चोथा, त्यात चुना.
खिळे नाहीत, लाकडी खुंट्या.
वरून जवसाचं तेल.
नियम तिनंच घालून दिला होता:
कोकरानं चाटलं तर चालणार नाही
असं काहीही टेबलाला लावायचं नाही.

तिसऱ्या फळीत करवतीचे चार दात गेले.
आत वाळू, आणि एक खिळा,
चौकोनी, हातानं ठोकून केलेला.
त्या नदीकाठी कुणीतरी
काहीतरी बांधायला घेतलं असणार.
मी तो काढला नाही. तिथेच थोडा वाकवला.
आता त्याला फडकं अडकवतात.

अडलं ते लांबीवर.
पाकिटावर होतं, एकशे नव्वद.
मी म्हटलं, दारातून वळणार नाही,
एकशे साठ भरपूर झाले.
तिनं वाद घातला नाही.
अंगठ्यानं फळीची कड घासत राहिली.
एकशे नव्वद, म्हणाली.

आदाल्स्टेइन खिडकीशी बसला होता,
त्याचं जाकीट या वर्षी त्याला मोठं झालेलं.
तो उठला, टोपी काढली,
आणि जमिनीवर खडूनं काढलेल्या माझ्या आराखड्यात
सरळ उताणा झोपला.
घे माप, म्हणाला. मोज्यांसकट एकशे शहाऐंशी.
उरलेले चार मेणबत्तीला.
फेब्रुवारीत रस्ता बंद पडतो,
पाद्रीबाईंना पोचायला चार दिवस लागतात,
तोवर मला काय पत्त्यांच्या खुर्चीत बसवणार?

मला हसावं की काय, कळेना.
स्टेइनवोर म्हणाली, ऊठ आता,
सगळ्या पाठीला भुसा लागलाय.
आणि बराच वेळ झटकत राहिली,
भुसा कधीच गेला होता.

एकशे नव्वदच केलं.
मधोमध सांधा, चार खुंट्या काढल्या की दोन तुकडे,
दारातून आत, पुन्हा एक.
जानेवारीत बर्फावरून ढकलगाडीनं नेलं.
फेब्रुवारीत रस्ता दोनदा बंद पडला.

मे महिन्यात खुंट्या बघायला गेले.
खोका उताणा, त्यात लोकर, लोकरीत दोन कान.
उग्लाच्या वहीवर माशाचे खवले.
आणि टेबलाच्या त्या टोकाला आदाल्स्टेइन,
बटाटे सोलत, माझ्यावर चिडलेला:
फार लांब केलंस तू हे.
मीठ मागायचं तर ओरडावं लागतं.

मीठ तर लाकडातूनच येतं.
हवा दमट झाली की फळीवर पांढरी रेघ उमटते.
स्टेइनवोर ती पुसते.
दुसऱ्या दिवशी ती पुन्हा असते,
थोडी डावीकडे.