मूठ

रिब्नित्साच्या खालच्या आळीत
व्हेंत्सेल कातारी लेथ सुरू करतो
तेव्हा आधी रेडिओ बंद करतो.
पटाशी चुकली की लाकूड सांगतं, म्हणतो,
ऐकायला कान मोकळा हवा.

बीचच्या चौकोनी कांड्या, माळ्यावर दोन हिवाळे वाळलेल्या.
दोन्ही टोकांनी पकडून फिरवली
की कांडीचे कोपरे आधी दिसेनासे होतात,
नाहीसे नंतर.
मधल्या वेळात तिच्याभोवती एक धूसर सावली असते.
पटाशी त्या सावलीत घालायची.
मला अजून भीती वाटते, म्हणून मी पॉलिश करतो.

झाऱ्याच्या, डावाच्या, उलथण्याच्या:
शनिवारपर्यंत तीनशे मुठी, ल्युब्ल्यानाच्या दुकानाला.
सगळ्या सारख्या. पैसे सारखेपणाचेच.

गुरुवारी झोफिया आली. पिशवीतून
आईचा डाव काढला, मूठ उभी चिरलेली,
वर सुतळीचे सात वेढे.
अशीच हवी, म्हणाली.

त्यानं मूठ उजव्या हातात धरली. मग डाव्या.
मग खिडकीपाशी जाऊन
डावाची कड बोटानं चाचपली,
भलत्याच बाजूनं झिजलेली.
डावखुऱ्या होत्या का?

छे. लिहायची उजव्यानं,
जेवायची उजव्यानं, क्रूससुद्धा उजव्यानं.
शाळेत पट्टीनं मारून मारून
कधीच सोडवलेलं ते.
आणि थांबली.
स्वयंपाक करताना मात्र
आमच्याकडे पाठ असायची तिची.

लेथवरचा पट्टा नुसताच फिरत होता.
कोणी बंद केला नाही.

अंगठ्याचा खळगा मला जमणार नाही, तो म्हणाला,
लेथला फक्त गोल येतं.
नासपतीचा एक तुकडा होता त्याच्याकडे, लालसर,
कशासाठी तरी राखून ठेवलेला.
तासाभरात मूठ झाली, पितळी कडं जुनंच बसलं.
चार युरो. जुन्या मुठीचे तुकडे
त्यानं कागदात गुंडाळून दिले, न विचारता.

झोफियानं डाव उजव्या हातात घेतला,
हवेतच ढवळून पाहिला.
मग आमच्याकडे पाठ केली.

आम्ही दोघांनी
माना खाली घातल्या.
अजून एकशे चाळीस मुठी बाकी होत्या.