डावा पाय

बियाण्याच्या कंपनीनं लिलावात काढलेली पिकअप.
साहेब लोकांची. क्लच नाही तिला.
अंबडच्या नाक्यावर सगळे म्हणाले, घेऊ नको,
मोसंबी वाहायला ऑटोमॅटिक? उद्या बिघडली
तर कुणाला दाखवशील, वैद्याला?

बिघडली.
वडीगोद्रीकडं जाताना, चढाला, मागं भरलेले कॅरेट,
दुसऱ्यातून तिसऱ्यात जायच्या वेळी
इंजिन ओरडायचं आणि चाकं ऐकायची नाहीत,
आमच्या घरात मी ओरडतो तसं.

संभाजीनगरात एक लाख ऐंशी हजार सांगितले.
सांगताना तो पोरगा माझ्या चपलांकडं बघत होता.

मग इसाक मिस्त्रीकडं गेलो.
ट्रॅक्टरचे किती गिअरबॉक्स खोललेत, मिस्त्री?
"मोजले नाहीत."
आन् असला?
"एकबी नाही. म्हणूनच तर यायलोय."

पत्र्याखाली, चार लाकडी ओंडक्यांवर
गाडी चढवली. तेल सोडलं.
लाल असायला पाहिजे होतं ते
काताच्या पाण्यासारखं निघालं, करपल्या वासाचं.
चेंबरच्या तळाला चुंबक, त्याच्यावर राखाडी लव,
मांजराच्या पिलाच्या पोटासारखी मऊ.
लोखंड होतं ते.
इसाकनं चिमटीत धरून चोळलं,
"बावीस साली अशीच झिजते," म्हणाला,
आणि कळेना, गाडीबद्दल म्हणतोय की गुडघ्याबद्दल.

आतली पेटी उघडली तर
वाटाच वाटा तेलाच्या,
वाळवीनं फळी कोरावी तशा,
आणि कुठल्या वळणावर कुठला छर्रा बसतो
ते प्रणितानं भूमितीच्या वहीत काढून ठेवलं,
सात गोल, सात बाण,
खाली तारीख, बाईंनी तपासावं तशी.

शेवंताची परात गेली. पिठाची चाळणी गेली.
नव्या प्लेटा रात्रभर नव्या तेलात भिजत घातल्या
तेव्हा ती म्हणाली,
"सकाळी मोड आलेत का बघा."

सकाळी छर्रे सहा.

ओटा झाडला, पोतं झटकलं, कोंबडीवरसुद्धा संशय घेतला.
इसाक मांडी घालून बसला, बिडी न पेटवता.
एका ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोळ्यापायी
अख्खी गाडी तिच्या चार चाकांसकट गप्प.

दुपारी कळालं, बोळीतला आदेश गोट्या खेळायलाय
आणि सगळ्यांना हरवायलाय.
"माही हाय. सापडली मला."
मी बाप म्हणून बोललो, गिऱ्हाईक म्हणून बोललो,
शेवटी पाच काचेच्या गोट्या आणि दोन मोसंब्यांवर सौदा मिटला.
या गाडीचा सगळ्यात स्वस्त पार्ट, असं इसाक म्हणाला,
आणि तो शर्टाला पुसून
सातव्या गोलात ठेवला.

स्प्रिंगा कडक घातल्या. रेडिएटरच्या पुढं
आणखी एक कूलर, इथल्या वैशाखासाठी.
ज्यांनी ही गाडी काढली
ते कुठंतरी पंख्याखाली बसलेले असणार.

रात्री माल भरून निघालो.
इसाक शेजारी, काच खाली, कान बाहेर.
पहिला. दुसरा.
चढ आला.
आणि पाठीवर कुणी ओळखीचा हात ठेवावा
एवढाच धक्का.
"पडला?"
पडला.
तेव्हा त्यानं बिडी पेटवली.
शहागडपर्यंत आम्ही काही बोललो नाही.

एक राहिलंच.
बावीस वर्षं टेम्पो हाणला मी,
दर वळणाला, दर गतिरोधकाला
डावा पाय क्लचवर.
आता तिथं नुसतं मॅट.
तरी म्हैस आडवी आली की हा खाली जातो,
दाबतो,
आणि खाली काही नसतं.
शेवंता म्हणते, झोपेतसुद्धा गिअर टाकायलात तुमी,
पांघरूण गेलं सगळं पायथ्याला.

इसाकला विचारलं, हे खोलता येईल का?
तो हसला, पाना पुसत राहिला.

मॅटला टाचेनं भोक पडलंय तिथं.
नवं घेतलंय,
पण मागं कॅरेटखाली पडून आहे, गुंडाळलेलं.