वॉशिंग्टनचं खातं

बस, योर्हेलिस. खुर्चीचं डावं चाक अडतं, तेवढं सांभाळ.
कोट काढू नकोस. तुझ्या माराकाइबोत उकडत असेल,
इथे जुलैत नदीवरचा वारा दाराखालून आत येतो
आणि या खोलीत शिरला की तोच कुडकुडतो.
थंडी यंत्रांसाठी आहे. आपण पाहुणे.

सर्व्हरांना पाखरांची नावं आहेत. तेरो, कालान्द्रिया,
आणि तो खालचा, धूळ खाल्लेला, ओर्नेरो.
चिखलाचं घर बांधणारा पक्षी,
म्हणून रक्तपेढी त्याच्या पोटात.
नावं वॉशिंग्टननं ठेवली.
हसू नकोस, मॉन्तेव्हिदेओत त्या पिढीच्या आयांना
बाळांना असलीच नावं सुचायची.

रूट होऊन बसलीस की एन्टर दाबण्याआधी
हात मांडीवर ठेव. ओळ वाच. पुन्हा वाच, उलटीकडून.
मी एकोणीस वर्षांपूर्वी तिरक्या रेघेनंतर
एक मोकळी जागा सोडली.
अंगठ्याची एक टिचकी.
बालरोग विभागाच्या सगळ्या तारखा गेल्या,
मी तोंड लपवून जिन्यात बसले.

तो ओरडला नाही.
माते भरला, पहिला कडू घोट स्वतः घेतला
आणि म्हणाला, बॅकअप आहे का, हे विचारत नाही.
परत आणून पाहिलं होतंस का कधी?

तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या मंगळवारी
मी काहीतरी मुद्दाम हरवते आणि परत आणते.
वेडेपणा वाटेल. वाटू दे.

अजून एक. डिस्क भरली म्हणून
मोठा लॉग पुसलास आणि तरी जागा झाली नाही,
तर घाबरू नकोस.
एखादी प्रक्रिया ती फाइल उराशी धरून बसलेली असते.
यादीत नाव नाही, पण देह तिथेच.
तिनं सोडल्याशिवाय जागा मोकळी होत नाही.
ती कोण आहे ते शोधायचं. मग हळूच उठवायचं.

आता हे बघ. कार्यालयाचा कागद.
"खातं बंद केलं: होय / नाही."
दोन वर्षं मी लिहितेय, काम चालू आहे.
खोटं नाही ते.
रात्री तीन दहाला ओर्नेरो जागा होतो
आणि वॉशिंग्टनच्या नावानं
रक्ताच्या सगळ्या नोंदी पलीकडच्या इमारतीत नेतो.
मग त्याला पत्र लिहितो: झालं.
सातशेवर पत्रं साठलीत, न उघडलेली.

जिवंत असतानाही तो उघडायचा नाही म्हणा.
म्हणायचा, पत्र आलं नाही की काळजी करायची.

माणसाच्या नावावर काही चालू ठेवू नये, पोरी.
तुझ्या नाही, माझ्याही नाही.
आज ओळ न् ओळ दुसऱ्या खात्यात नेऊ,
ज्याला ना आई ना वाढदिवस.
ही टीप मात्र तशीच राहू दे:
"हे का चालतं माहीत नाही. हात लावू नका. वॉ."

तीन नऊ.
तीन दहा.
पंखा वाढला. दिवा लुकलुकला.
गेलं पलीकडे. मोजलंस? परत आणून पाहिलंस?
बरं. मग मीच दाबते.

बघ, त्याच्या जुन्या फाइलींवर
मालकाच्या जागी आता नाव नाही,
नुसता आकडा. एक हजार चार.

फोन कुणाचा?
तिसऱ्या मजल्यावरचा प्रिंटर.
तो म्हणायचा, प्रिंटर आपलं काम नव्हे,
आणि म्हणत म्हणत जिना चढायचा.
जा तू. मी बसते इथे जरा.