करोडगिरी

लेस्टरच्या गिऱ्हाइकानं लिंक धाडली, खाली एकच ओळ:
यांचं काय ठरतंय ते बघून माल भरा.

तिकडे दुपारचे अडीच, वसमतला रात्रीचे आठ.
झंवर शेठ शटर अर्धं ओढून गेलेले,
मागं मुनीरचा पॉलिशचा ड्रम फिरतोय
आणि माझ्या मोबाइलवर
ब्रिटिश संसदेची एक समिती.
घोड्याच्या नालेसारखं टेबल, पाण्याचे जग,
मंत्र्याच्या मागं तिघं, चिठ्ठ्या पुढं सरकवायला.

एकत्र बाजारातून ही मंडळी वेगळी निघाली
त्याला वर्षं झाली. आता चूल वेगळी,
म्हणून दूरदूरच्यांशी नवे सौदे.
सौद्याचा कागद संसदेपुढं ठेवतात एकवीस दिवस,
तेही बैठकीचेच दिवस मोजून.
एकवीस.
तेवढ्यात आमच्याकडं कोंबडी पिल्लं काढते.
पण कोंबडीला अंडं आधी दिसतं.
नेमकं हेच विचारत होती अध्यक्षबाई,
चष्मा कपाळावर, आवाज बसलेला:
शेवटचा मसुदा आम्हाला कोणत्या दिवशी दिसला?
सही व्हायच्या आधी, की छापून आल्यावर?

मंत्री म्हणाला, योग्य वेळी.
हसूच आलं मला. फेरफाराला गेलं की तलाठी
हेच दोन शब्द वापरतो,
त्याला इंग्रजी येत नाही तरी.

मग आकडे. दहा वर्षांत इतकं वाढेल, पंधरा वर्षांत इतकं,
शून्य पूर्णांक शून्य काहीतरी टक्का,
आणि तेवढ्यावर मंत्री असा तजेलदार!
अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला माणूस
मी वसमतमध्ये राहून ओळखणार नाही?
एका म्हाताऱ्या सदस्यानं विचारलं, घाई कशाची होती.
फार लांबण लावली त्यानं.
आमच्याकडचा असता तर चार शब्दांत उरकतं:
पी हळद, हो गोरी.

लेखी कळवतो, मंत्री म्हणाला.
तारीख सांगा, बाई म्हणाली.
तो कागद चाळू लागला.
बाई थांबली. पाणीसुद्धा प्यायली नाही.
इथं ड्रम बंद पडला, मुनीर पट्टा बघायला वाकला,
आणि दोन्हीकडं एकदम इतकं गप्प
की माझी खुर्ची कुरकुरलेली मला ऐकू आली.
सतरा मार्च, शेवटी तो म्हणाला.
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लिहून घेतलं.

दोन तास मी एका शब्दाची वाट पाहिली.
दारू आली, मोटारी आल्या, मेंढ्यांचं मटण,
विम्याचे धंदे, औषधं,
कुणाच्यातरी मतदारसंघातला चिनी मातीचा कारखाना.
सव्वादहाला, उठता उठता, कुणीतरी म्हणालं
मसाले वगैरे.

आम्ही त्या वगैरेत होतो.

माझा आजा निजामाच्या करोडगिरीत कारकून,
कनेरगावच्या नाक्यावर. पलीकडं वऱ्हाड, इंग्रजांचं.
बैलगाडी थांबायची, तो दौत उघडायचा.
शेवटचा रकाना मुतफर्रिक:
किरकोळ असेल ते त्यात टाका, पुढच्याला बोलवा.
आजा टाकायचा नाही.
हळद चार मण. गूळ. घोंगड्या सात.
एक पिंजरा, पोपटासह.
गाड्यांची रांग लागायची, अमीन शिव्या द्यायचा.
पुढं हाली शिक्का गेला, नाका उठला.
गावाच्या नावात तेवढा राहिलाय.

ड्रम पुन्हा सुरू झाला. कीबोर्डवर पिवळी धूळ.
उगमाच्या दाखल्यात मालाचा रकाना,
यादीतून निवडा: मसाले, इतर.
मी यादी बंद केली
आणि हातानं टाइप करायला घेतलं,
हळद, हळकुंडं, उकडून वाळवलेली, पॉलिश केलेली,
वसमत, जिल्हा हिंगो
चौकट भरली. अक्षरं मावेनात.
मी मागं गेले, पॉलिश खोडलं,
वसमत ठेवलं.